पुढच्या चाकाची राखणदार

एक सुती चिंधी, कडेला शिवण उसवलेली.

करवतीचं पातं. मधले सहा दात मोडलेले.

इस्पितळाच्या कठड्याला बांधून तीन दिवस उभी राहिलेली सायकल.

चाकाच्या छत्तीस तारा बोटाने छेडून त्यांचा आवाज ऐकणारे एक आजोबा. उजव्या कानाने कमी ऐकू येणारे, म्हणून डावा कान पुढे करणारे.

आणि एक खुळखुळ, जी दोन आठवडे कुणालाच ओळखता आली नाही.

मित्रांनो, हे सगळं माझंच आयुष्य आहे, फक्त सांडलेलं. वेचते एकेक.

मी एक जुनी सळई आहे. वीतभराहून थोडी कमी, पोलादी, एका टोकाला गोल गुळगुळीत डोकं. सायकलच्या चाकाच्या आसातून मी आरपार जाते आणि चाकाला सायकलच्या दुपाखी चिमट्यात पकडून धरते. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? साध्या सळईला खटका असतो. तो ओढला की पान्हा लागत नाही, चाक हातात येतं. मालकाच्याही आणि चोराच्याही. माझं तसं नाही. मला आवळायला नुसता हात पुरतो, टक टक करत मी घट्ट होते. सैल करायला मात्र किल्ली लागते. माझ्या डोक्यावर पाच खाचा आहेत, त्यांत बसेल अशीच किल्ली.

आम्ही तिघं भावंडं एका खोक्यात जन्मलो. पुढच्या चाकाची मी, मागच्या चाकाची थोरली, आणि सीट पकडून ठेवणारा आखूड धाकटा. तिघांत किल्ली एक. कारखान्यात शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येकीला किल्ली लावून पाहायची आणि मान हलवायची. मला पाहून तिने मान हलवली, ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

मग दुकानातली खुंटी. धूळ. पाच महिने.

आम्हाला घेतलं ते मीटरवाल्या ताईंनी. त्या घरोघरी पाण्याचे मीटर वाचत. दिवसाला चाळीस फाटकं. प्रत्येक फाटकाशी सायकल टेकवायची, साखळीने बांधायची, आत जाऊन झाकण उचलायचं, आकडे टिपायचे, परत यायचं. अशाच एका फाटकाशी त्या परत आल्या तर सायकल होती, साखळी होती, पुढचं चाक नव्हतं. चिमटा जमिनीवर टेकून सायकल नमस्कार घातल्यासारखी उभी होती.

गेलेलं चाक आबांनी बांधलेलं होतं. आबा म्हणजे ताईंचे वडील. त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, चाकं बांधली. रिम, मधला हब आणि छत्तीस तारा समोर ठेवायच्या आणि त्यातून गोल उभा करायचा. आता ते थकले होते, हात थरथरत होते, डोळे चुरचुरत होते. चाक गेल्याचं ऐकून ते एवढंच म्हणाले, की चाकच गेलंय, पाय तर नाही ना गेला. मग कपाटातून एक रिम काढून बसले. पूर्वी ते सकाळी एक आणि दुपारी एक चाक बांधत. हे चाक त्यांनी अकरा दिवस बांधलं. बाराव्या दिवशी हात पुसत ते म्हणाले, "हे शेवटचं. आता दुसरं मागू नकोस, होणार नाही."

 त्याच संध्याकाळी ताई दुकानात आल्या आणि आमचं खोकं उचललं. आता कळलं ना, मित्रांनो, माझ्याकडे राखायला काय दिलं होतं?

आबांना मी मुळीच आवडले नाही. स्वतःच्या घरातलं चाक काढायला परवानगी घ्यावी लागते, असलं थेर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण दर रविवारी सकाळी ते किल्ली घ्यायचे, मला सोडवायचे, चाक आपल्या लोखंडी स्टँडवर चढवायचे आणि त्याचा आऊट काढायचे. म्हणजे चाक फिरवून ते कुठे डोलतं ते बघायचं, तिथली तार पाव वळसा आवळायची, समोरची पाव वळसा सैल करायची. तारा छेडायच्या, डावा कान लावायचा. मी तेव्हा चिंधीवर पडून असायचे आणि ऐकायचे. ताई एकदा म्हणाल्या की चाक सायकलवर असतानाच आऊट काढा की, कशाला एवढा खटाटोप. आबा म्हणाले, "चाक अंगावर ठेवून आऊट काढायचा म्हणजे बुटासकट नखं कापायची."

तेवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. आठवड्याचा एक सकाळचा तास.

आणि मग किल्ली हरवली.

दोष ताईंवर आला. किल्ली त्यांच्याच पिशवीत असायची. त्यांनी पिशवी उलटी केली, गाद्या उचलल्या, चाळीसच्या चाळीस फाटकांशी वाकून बघितलं. आबा रोज जेवताना त्यांना वेंधळी म्हणत. लहानपणी छत्र्या हरवायचीस, आता किल्ल्या हरवतेस. उद्या बापाला कुठेतरी ठेवून येशील, असं बरंच काही. त्यातच एका खड्ड्यात चाक आपटलं आणि डोलायला लागलं. दर फेरीला ब्रेकच्या रबराला घासायचं. एक रविवार कोरडा गेला. दुसराही. आबा स्टँडसमोर नुसते बसून राहिले.

दुकानदार म्हणाला, सोपं आहे, पुढच्या सळईचं डोकं यंत्राने कापून टाकतो. म्हणजे माझं. ताई जवळजवळ तयार झाल्या होत्या. आबांनी साफ नकार दिला. ते ठिणग्या उडवणारं यंत्र त्यांच्या हबच्या इतक्या जवळ येणार नव्हतं. जरा हात सटकला तर हब गेला, आणि हब गेला तर चाक गेलं.

या सगळ्या दिवसांत सायकलमधून एक बारीक खुळखुळ यायला लागली होती. ताईंना वाटायचं, मडगार्ड सैल झालंय. मला माहीत होतं काय आहे ते. धाकटा तर अगदी शेजारीच होता. पण सळयांना बोलता येत नाही.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ताई सायकल उंबऱ्यावरून आत घेत होत्या. आबांनी डावा कान पुढे केला.

"थांब. परत एकदा आपट."

ताईंनी सायकल उचलून टेकवली. खुळखुळ झाली. आबांचा चेहरा उतरला.  मित्रांनो, त्यांना गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

"सीटखालच्या नळीत आहे किल्ली," ते म्हणाले. "मीच टाकली. नळीला तेल दिलं तेव्हा. म्हटलं, यापेक्षा सुरक्षित जागा चोराच्या बापाला सापडणार नाही. चिंधीत गुंडाळून टाकली, वर सीट बसवली, हाताने आवळली आणि विसरून गेलो. चिंधी सुटली असणार. दोन आठवडे तुला उगाच बोलत होतो."

ताई म्हणाल्या, "बोलत नव्हता, आबा. ओरडत होता."

मग आधी त्याच हसल्या. सीट सोडवायची किल्ली सीटखालीच कोंडली होती. कपाटाची चावी कपाटात. आबाही हसले, पण उशिरा, आणि हसताना त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही.

धाकटा गेला तो असा. तो चाकापासून लांब होता, त्याला कापलं तर कशालाच धक्का नव्हता. आबांनी जुनी करवत काढली. एकट्याने धरली तर ती थरथरत होती, पातं नाचत होतं. ताईंनी दुसरं टोक धरलं. दोघांच्या हातात मिळून ती सरळ चालायला लागली. तासभर लागला. सहा दात मोडले. धाकटा दोन तुकडे होऊन फरशीवर पडला, सीट उपसून सायकल उलटी केली आणि चिंधी आणि किल्ली दोन्ही बाहेर आल्या. आबांनी लगेच, रविवार संपायच्या आत, चाकाचा आऊट काढला.

त्यानंतर किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर टांगली गेली, सगळ्यांना दिसेल अशी. आबा येता-जाता तिला बोट लावून बघायचे. अजून दोन वर्षं रविवार झाले.

मग एका सकाळी ताईंनी सायकल इस्पितळाच्या कठड्याला घाईघाईने बांधली आणि आत धावल्या. तीन दिवस त्या बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक माणूस आला, पिशवीतून पक्कड काढली आणि माझं डोकं पकडलं. ते गुळगुळीत, गोल, पक्कड घसरली. त्याने पुन्हा पकडलं, पुन्हा घसरली. मला ओरखडे पडले, जीव मुठीत धरून मी तशीच राहिले. शेवटी कंटाळून तो हँडलवरची घंटी तेवढी काढून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी ताई एकट्याच बाहेर आल्या. हातात पिशवी, पिशवीत आबांच्या चपला. त्यांनी माझ्यावरचे ओरखडे पाहिले. खाली बसल्या, चाक जमिनीवरून थोडं उचललं आणि फिरवलं. ते थांबेपर्यंत बघत राहिल्या. मग सायकलवर बसून घरी गेल्या.

आता मी गंजले आहे. ताई निवृत्त झाल्या आहेत. सायकल फारशी बाहेर जात नाही, गेली तरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. पण चाक अजून तेच आहे, आणि ते मी धरून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातचं, पुन्हा न होणारं काहीतरी असेल. त्याला राखण ठेवा. चांगली ठेवा. पण किल्ली लपवलीत तर ती कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. आणि हरवलीच, तर आधी ओरडू नका.

पहिलं चाक चोरीला गेलं तेव्हा ताईंचे एकोणचाळीस मीटर वाचून झाले होते. चाळिसावा त्यांनी सायकल खांद्यावर घेऊन, पायी जाऊन वाचला.