कोकिळाबाईंचा डबा आणि दाजींची गाडी

वरणगावच्या कारखान्यातून जीवराम निवृत्त झाले आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी कोकिळाबाईंच्या स्वयंपाकघरात लक्ष घातलं. कारखान्यात ते सुरक्षेच्या खात्यात होते. त्यामुळे गॅसच्या शेगडीपासून तेलाची बरणी किती लांब हवी, लाटण्याचं टोक कोणत्या दिशेला असावं, असल्या गोष्टी ते खुर्ची टाकून समजावून सांगू लागले. कोकिळाबाईंनी हे थोडे दिवस ऐकून घेतलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हा माणूस हलता ठेवला तरच संसार टिकेल.

देश बघायची हौस बाईंना होतीच. अडचण होती जीवरामांच्या पोटाची. जगात त्यांचा एकाच संडासावर विश्वास होता, आणि तो घरी होता. बहिणीच्या लग्नातसुद्धा ते दुपारच्या गाडीने घरी जाऊन संध्याकाळी परत आले होते. तेव्हा घरच बरोबर न्यायचं, असं ठरलं. धुळ्याचे अय्युबभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. त्यांच्याकडून दोन चाकांचं बंद घर करून घेतलं. आधी संडास ठरला, मग उरलेल्या जागेत पलंग, ओटा आणि कपाट बसवलं. जीवराम त्याला कॅराव्हॅन म्हणत, अय्युबभाई ट्रॉली म्हणत, आणि कोकिळाबाई डबा म्हणत.

डबा तयार झाला, पण ओढणार कोण? जीवरामांची छोटी गाडी त्याला जोडली असती तर डब्यानेच तिला मागे नेलं असतं. अय्युबभाईंना विचारलं, तर ते म्हणाले ट्रॅक्टर घ्या. त्यांना पोरीच्या वरातीबद्दल विचारलं असतं तरी ते ट्रॅक्टरच म्हणाले असते. कन्याकुमारीपर्यंत ट्रॅक्टरने जायचं म्हणजे तिथे पोहोचेस्तोवर विसर्जनापुरत्या अस्थीच उरतील, असं कोकिळाबाईंनी नवऱ्याला ऐकवलं.

तेवढ्यात शिरपूरहून प्रेमराज उगवला. हा कोकिळाबाईंचा धाकटा भाऊ. ठेकेदारी करायचा. त्याच्याकडे पांढरीशुभ्र, उंच, मोठ्या थोबाडाची गाडी होती आणि ती त्याला कधीची खपवायची होती. ही गोष्ट बहिणीने ओळखली, मेहुण्याने ओळखली नाही. जीवराम गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. छताला काच होती. सीटला आतून गार हवा यायची. प्रेमराजने बॉनेटवर थाप मारली.

"दाजी, ही गाडी नही, हत्ती शे हत्ती."

कोकिळाबाईंच्या मनात आलं, आपलं लग्न ठरलं तेव्हाही असंच झालं होतं. सगळे नोकरी आणि उंची बघून खूश झाले, मुलगा कामाला कसा आहे हे कुणी विचारलंच नाही. पण भाऊ समोर होता, म्हणून त्यांनी एवढीच अट घातली, की आधी डबा जोडून लळिंगचा घाट चढून दाखवायचा.

ठरल्या सकाळी अय्युबभाईंनी गाडीला मागे हूक बसवून डबा जोडला. कोकिळाबाईंनी तोवर कपाट भरलं होतं. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, भाकरीसाठी कळण्याचं पीठ, लोणच्याच्या बरण्या, मिक्सर आणि पाटा-वरवंटा. पाटा कशाला, असं जीवरामांनी विचारलं. मिक्सर बिघडला तर, असं उत्तर मिळालं. सुरक्षा खात्यातल्या माणसाने मग पाटा दोरीने बांधून ठेवला.

जीवराम चालवायला बसले, शेजारी प्रेमराज, मागे कोकिळाबाई. धुळं सुटेपर्यंत हत्ती डौलात चालला. प्रेमराजने तर काचेचं छत उघडून दाखवलं. मग घाट लागला. लळिंगचा घाट म्हणजे काही हिमालय नव्हे, तिथून उसाचे ट्रक गाणी लावून चढतात. पण ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी होती, आणि डब्याचं वजन तिच्या ढुंगणावर बसलं होतं. नाक वर झालं, पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. जीवरामांनी जोर दिला. क्लच जळल्याचा वास सुटला. मग सगळी वरात हळूहळू मागे घसरली, डबा वाकडा झाला आणि रस्त्याकडेच्या मुरुमात रुतून थांबला. डब्यात बरण्या फुटल्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने गाडीच्या उघड्या छतातून लोणच्याचा वास आला.

सगळे खाली उतरले. प्रेमराजचं म्हणणं पडलं की ताईने बिबड्या जास्त भरल्या. बिबडीला वजन असतं हे कोकिळाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. जीवराम जरा लांब, लळिंगच्या किल्ल्याकडे तोंड करून उभे राहिले. मधूनच मान वळवून ते घाटाखालून येणारा रस्ता बघत होते. मागून ट्रक येत असता तर काय झालं असतं, याचा हिशेब या माणसाच्या डोक्यात चालला असणार, हे बाईंना कळलं. त्यांनी जाऊन पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि लोणच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

थोड्या वेळाने एक जुनी पिकअप येऊन थांबली. मागे बकऱ्या होत्या. चालवणारा रुपसिंग, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, मालेगावच्या बाजाराला निघाला होता. हंगामात तो मळणीयंत्र ओढायचा, म्हणून त्याच्या पिकअपला हूक होताच. चौघांनी मिळून डबा त्याला जोडला. पिकअपने एकदा काळा धूर ओकला आणि निघाली. मागचा हौदा बकऱ्यांनी दाबलेला, आणि ओढणारी चाकंही मागचीच. बकऱ्या मान वळवून डब्याकडे बघत होत्या, आणि डबा गरीब म्हशीसारखा मागून चालला होता. ओझं सुटलेली पांढरी गाडीही मागोमाग कशीबशी चढली, आणि घाट संपल्यावर एका धाब्यावर सगळे थांबले.

चहा घेताना कोकिळाबाईंनी बघितलं, की रुपसिंगची नजर पांढऱ्या गाडीवरून हलत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याला सरपंचकीला उभं राहायचं होतं. पिकअपमधून उतरलं की लोक आधी बकरीचा भाव विचारतात, रामराम नंतर घालतात, ही त्याची तक्रार होती. प्रेमराजचे कान टवकारले. गाडी विकायचा विषय निघाला की त्याला जळलेल्या क्लचचाही वास येत नसे.

रुपसिंग जीवरामांकडे वळला.

"भाऊ, ही गाडी माले लेऊ द्या, मनी पिकअप तुम्ही ल्या."

जीवराम दचकले. निवृत्त अधिकाऱ्याने बकऱ्यांच्या गाडीतून देश बघायचा, ही कल्पनाच त्यांना सोसेना. गार सीट नाही, वरून काच नाही, आणि वास तर जन्मात जाणार नाही, असं ते पुटपुटले. कोकिळाबाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, कन्याकुमारीला तुम्ही मला नेणार आहात, की लोकांना गाडी दाखवायला नेणार आहात?"

जीवरामांनी पिकअपकडे पाहिलं, मग घाटाच्या वळणाकडे. मग ते उठले, पिकअपखाली वाकले आणि ब्रेकचे पाइप तपासू लागले. बाई समजल्या की जमलं. पांढरी गाडी रुपसिंगला, पिकअप जीवरामांना, आणि पैशाचं पुढे त्या तिघांनी आपसात मिटवलं. प्रेमराज इतका खूश झाला, की त्याने बहिणीला लोणच्याच्या नव्या बरण्या देईन म्हणून शब्द दिला. तो काही त्याने पाळला नाही.

पिकअप धुवायला चार वेळा फिनेल लागलं. वास थोडा राहिलाच. जड सामान आता हौद्यात गेलं, डबा हलका झाला, आणि पुढे एकच सलग सीट असल्यामुळे कोकिळाबाईंना नवऱ्याशेजारी बसून रस्ता बघता येऊ लागला. रुपसिंग निवडणूक हरला, पण ऐटीत हरला असं ऐकलं.

पहिला प्रवास गुजरातकडे समुद्र बघायला. साक्री सोडून संध्याकाळी ते पिंपळनेरला थांबले. डबा मागे घेताना जीवराम स्टिअरिंग ज्या बाजूला वळवत, डबा त्याच्या उलट जाई. तीनदा तो भिंतीकडे गेला. कोकिळाबाई खाली उतरल्या आणि त्यांनी साधा उपाय काढला. तुम्हाला जे योग्य वाटतं त्याच्या उलट करा, असं त्यांनी सांगितलं. घरात त्या वर्षानुवर्षं हेच करत आल्या होत्या. डबा सरळ झाडाखाली जाऊन बसला.

बाईंनी बाजूची खिडकी उघडली, शेगडी पेटवली आणि कांदा चिरायला घेतला. फोडणीचा वास सुटला तशी बाहेर माणसं जमली. एकाने पुढे होऊन खिडकीवर हात ठेवला.

"अक्का, शेवभाजी शे का?"

संडासातून जीवरामांनी ओरडून सांगितलं, की हे हॉटेल नाही. कोकिळाबाईंनी त्या माणसाला विचारलं, किती जण आहात, आणि शेवेचा डबा खाली काढला.