साहेबांचं तेवढं वेगळं काढ

ऑफिसात त्याला सगळे ‘कमांडर’ म्हणत. हाताखाली शिपाईसुद्धा नव्हता. पण काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून कॉम्प्युटरला कामाला लावणारा तो एकटाच.

एके सकाळी साहेबांनी बोलावलं. वर्षभराच्या मीटिंगांमधलं सगळ्यांचं बोलणं एका भल्यामोठ्या फाइलमध्ये टाइप करून ठेवलेलं होतं.

“त्यातलं माझं तेवढं वेगळं काढ. माझ्या बढतीसाठी मुख्य कार्यालयाला हवंय. आज गेलं नाही, तर लांबच्या गोदामावर एक जागा रिकामी आहेच.”

कमांडरने घरी फोन लावला. बायको म्हणाली, “जा की खुशाल. मी आणि फ्रिज इथंच राहू.”

झालं! त्याने ओळी निवडून देणारी ‘ग्रेप’ ही कमांड चालवली : ज्या ओळीत ‘साहेब’ असेल, ती उचल. जवळजवळ अख्खी फाइलच उचलली गेली! ‘हेडक्लार्क : वा साहेब!’ ‘कॅशियर : साहेब म्हणतील तसं.’ साहेबांचं नाव घेतल्याशिवाय तिथं कुणी शिंकतसुद्धा नसे. मग त्याने अट आवळली. ‘साहेब’ ओळीच्या सुरुवातीलाच हवेत. टाइप करणाऱ्या बाई बोलणाऱ्याचं नाव तिथंच घालायच्या.

छान आटोपशीर फाइल निघाली. न वाचताच त्याने ती धाडून दिली, आणि मग चहा पिता पिता उघडून पाहिली. नाव होतं फक्त प्रत्येक बोलण्याच्या पहिल्या ओळीला! पुढं साहेब पानंच्या पानं बोलले होते, ते सगळं मागंच राहिलं. वर पोचलं ते एवढंच : ‘प्रश्न महत्त्वाचा आहे.’ ‘आधी तुमचं ऐकतो.’ ‘चूक माझीही असू शकते.’ ही शेवटची चूक पुढच्याच ओळीत हेडक्लार्कच्या गळ्यात बांधली होती, पण ते कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी केबिनमधून हाक आली. “कमांडर!”

तो गोदामाची वाट विचारायच्या तयारीनेच आत गेला.

“अरे, बढती मिळाली! वरचे म्हणतात, इतका मोजकं बोलणारा, दुसऱ्याचं ऐकून घेणारा अधिकारी पाहिला नाही. निवडलंस तरी काय?”

“साहेब, तुमची सुरुवातच अशी असते, की पुढचं पाठवायची गरजच पडली नाही.”

साहेब लाजले. गोदाम टळलं.

निरोपाच्या दिवशी साहेब बोलायला उठले. खुर्च्या कुरकुरल्या, माणसं पेंगली, शेवटी माइकनेच मान टाकली. बाईंनी सगळं इमानेइतबारे टाइप केलं. भाषण वर पाठवायचं होतं. कमांडरने तीच कमांड चालवली. एकच ओळ आली.

‘साहेब : मी फार बोलणार नाही.’