लाल गाडीची मागची सीट

अश्विनच्या व्हिडिओत मी सगळ्यांत शेवटी येते. आधी गाडीचं वजन, मग ताकद, मग मौदा रोडवर ती कशी सुटते ते. एवढं झालं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, 'आई टेस्ट'. मग मी मागचं दार उघडून आत बसते, मांडीवर पिशवी ठेवते आणि कसं वाटतं ते सांगते. माझं काम तेवढंच.

अश्विन माझा एकुलता एक. चांगली नोकरी सोडून तो गाड्यांचे व्हिडिओ करायला लागला तेव्हा मी काही बोलले नाही. एक दिवस म्हणाला, "आई, मागं बसायले कोणी नाही, तू ये." मी गेले. लोकांना तेच आवडलं म्हणे. मनीषनगरच्या बाजारात एका बाईने माझा हात धरून सांगितलं, "काकू, तुमी बसल्याशिवाय आमच्या घरी गाडीचा विषय निघत नाही."

मी रोज पहाटे आंघोळ करून वंदना घेते, पंचशील घेते. लग्न होऊन नंदनवन वस्तीत आले तेव्हापासून यात खंड नाही. पाच शीलांतलं चौथं, खोटं न बोलण्याचं, मला नेहमीच अवघड वाटत आलं. म्हणून मी बोलणंच कमी केलं. विहारात कोणाच्या मुलीचं जमत असलं की लोक मला समोरच्या मुलाबद्दल हळूच विचारतात. मी दोनच वाक्यं बोलते. चांगला असेल तर चांगला, पीत असेल तर पितो. दोन-तीन घरं त्यावरून माझ्यावर रागावून आहेत. पण पुढच्या मुलीच्या वेळी तीच घरं पुन्हा विचारायला येतात.

त्या दिवशी तीन गाड्या होत्या. तिन्ही लहान, तिन्ही जोरात पळणाऱ्या. एक लाल, एक निळी, एक पांढरी. मौदा रोडवरच्या धाब्यासमोर त्या ओळीने उभ्या केल्या होत्या आणि अश्विनचा मित्र विक्की कॅमेरा लावत होता.

"आई, ही लाल पाहा," अश्विन बॉनेटवर हात फिरवत म्हणाला. "वजन हजार किलोच्या आत अन् ताकद शंभर घोड्यांच्या वर. निळीत घोडे जास्त आहेत, पण अंगानं जाड आहे ते. जड माणूस कितीही ताकदीचा असला तरी पहिली उडी हलकाच मारते."

"वजन कमी असलं तर ते चांगलं कसं? वाऱ्यानं हालन ना."

"तू बाबाच्या सायकलवर डबलसीट बसत होती का नाही? तुले उतरवलं की बाबा कसे पळत असन?"

"तुझ्या बाबानं मले कधी उतरवलंच नाही."

विक्की कॅमेऱ्यामागे खो खो हसला. "काकूनं गेम केला बे!" अश्विनही हसला. त्याचे बाबा मौद्याच्या वीजकेंद्रात होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सायकलचं नाव निघालं की आम्ही दोघंही हसतो.

मग मी बसून पाहिलं. लाल गाडीची सीट खाली, जमिनीला टेकल्यासारखी. छप्पर मागे उतरत येतं, ते डोक्याला लागतं. दार अरुंद. अश्विनने रस्त्यावरून एक फेरी मारली, तर सिमेंटच्या प्रत्येक जोडावर कमरेत ठोका बसत होता आणि गावाजवळच्या ब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. उतरताना गुडघा दारात अडकला. विक्कीने हात दिला तेव्हा बाहेर आले. मी कॅमेऱ्याकडे पाहून म्हटलं, "पळते चांगली असन बाबू. पण म्हाताऱ्या माणसाले यात बसवू नका. त्याले उतरता येत नाही."

निळीच्या इंजिनचा आवाज मोठा, पण डिकीत गाणी वाजवायचा डबा बसवलेला. धाब्याशेजारच्या दुकानातून मी तांदळाचा कट्टा घेतला होता, तो मावलाच नाही. पांढरी तिघींत सगळ्यांत हळू, असं अश्विन जरा तोंड वाकडं करूनच म्हणाला. पण तिच्यात मी खुर्चीवर बसावं तशी बसले. कट्टा डिकीत गेला, वर पिशवीही गेली. मी म्हटलं, "पाय मोकळे राहतात. चढाउतरायले काही त्रास नाही. घरात म्हातारं माणूस असलं तर डोळे झाकून घ्या."

घरी आल्यावर मी तो विषय विसरले. व्हिडिओ मी कधी पाहत नाही. स्वतःला बोलताना पाहणं मला बरं वाटत नाही.

पंधरवड्याने माया पेढे घेऊन आली. माया आमच्याच विहारातली, नंदनवनात मागच्या गल्लीत राहते. तिचे वडील धोंडबाकाका तिच्याकडेच असतात. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं आहे. ऐंशीच्या घरातला माणूस, तरी पौर्णिमेची वंदना चुकवत नाहीत. ऑटोत त्यांना फार हाल होतात म्हणून माया कधीची गाडी पाहत होती.

"मावशी, घ्या. गाडी घेतली!"

"बरं झालं वं. कोणती?"

"कोणती म्हणजे? तुमी सांगितली तीच. लालवाली! बाबा म्हणे, प्रेमिलाबाई बोलली ना, मग आता शोरूममध्ये जाऊन काय पाहायचं राहिलं? घरूनच बुक केली."

पेढा माझ्या हातातच राहिला. मला वाटलं तिची काही चूक होत आहे. ती गेल्यावर मी मोबाईल घेतला आणि तो व्हिडिओ लावला.

लाल गाडी होती. दार उघडलं, मी आत बसले. मग एकदम माझा चेहरा जवळून दिसला, इतका जवळून की मागे कोणती सीट आहे ते कळू नये. आणि मी म्हणत होते, "पाय मोकळे राहतात. चढाउतरायले काही त्रास नाही. घरात म्हातारं माणूस असलं तर डोळे झाकून घ्या."

चेहरा माझा, आवाज माझा, गाडी दुसरी.

पांढरीत मी नुसती बसून हसत होते. तिथे मला तोंडच नव्हतं.

अश्विन त्याच्या खोलीत होता. मी दारात उभी राहिले.

"हे काय केलं तू?"

त्याला लगेच कळलं. मान वर न करताच म्हणाला, "आई, लालमधला तुझा आवाज वाऱ्यात गेला होता."

"वारा नव्हता त्या दिवशी."

मग त्याने दुसऱ्या कानातला इयरफोनही काढला. "बरं, ऐक. लालवाल्या शोरूमवाल्यानं गाडी महिनाभर आपल्या दारात ठेवली. पुढच्या नव्या गाडीच्या वेळी पहिलं आपल्याले बोलावून राहिला. त्याच्या गाडीवर मी म्हणू का, आईचा गुडघा अडकला म्हणून?"

"हो. अडकला तर म्हणायचं."

"तुले नाही समजत ते. असली गाडी लोक पळवायले घेतात. मागं कोण बसते?"

"धोंडबाकाका बसतात. मायानं घेतली ती गाडी. माझं ऐकून घेतली."

त्याने पडद्यावरचा व्हिडिओ थांबवला. तेवढ्यावर मी आशा ठेवली. पण तो म्हणाला, "मग त्याईनं एकदा बसून पाहायचं होतं ना. गाडी काय भाजी आहे का, दुसऱ्याच्या भरवशावर घ्यायले?"

"तेवढा भाग काढून टाक, अश्विन. येत्या पौर्णिमेला मले विहारात सगळ्यांसमोर शील सांगायचं आहे."

"सांग ना मग! मी कुठं तुले खोटं बोलायले लावलं? एक तरी शब्द माहा आहे का त्यात? सगळे तुझेच आहेत."

खरंच होतं ते. शब्द माझेच होते. त्या संध्याकाळी दिवा लावताना मी मनाला तेच सांगून पाहिलं, की तू खोटं बोललेली नाहीस. मन काही केल्या ऐकेना.

दुसऱ्या दिवशी मी मायाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय होते, मावशी? गाडीची पूजा... म्हणजे हार घालून फोटोपण झाले. तुमी तुमचाच व्हिडिओ काहून नाही पाहिला पहिले?" आणि ठेवता ठेवता म्हणाली, "बाबाले नका सांगू. लय खूश आहे ते."

तिने मावशी म्हटलं, पण ते फक्त तोंडातून आलं होतं.

मग मी एक गोष्ट केली. व्हिडिओच्या खाली लोक लिहितात, तिथे मी लिहिलं. मला मोबाईलवर लिहायला वेळ लागतो, सारखी अक्षरं चुकतात. पण लिहिलं. 'मी अश्विनची आई. लाल गाडीबद्दल मी असे म्हटले नव्हते. त्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला उतरता येत नाही. ते बोलणे पांढऱ्या गाडीचे आहे. प्रेमिला.'

थोड्या वेळाने पाहिलं तर खाली उत्तरं आली होती. 'काकू टायपिंग कधी शिकल्या?' 'पांढरीवाल्यांनी माणूस बसवलेला दिसतो.' 'आमच्या आईला बदनाम करू नका, ती कधी खोटं बोलत नाही.' त्यांची आई! मला हसूही आलं. मग सगळ्यांत वर एक उत्तर दिसलं, अश्विनचं. 'मित्रांनो, आईच्या नावानं फेक आयडी फिरून राहिल्या आहेत. सावध राहा.'

आमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत होती. त्याचा चहाचा कप मीच नुकता त्याच्या टेबलावर ठेवून आले होते. मी पाहत होते तोवर माझं लिहिलेलं तिथून नाहीसं झालं. त्याचं उत्तरही गेलं. रात्री जेवायला बसला तेव्हा त्याने नेहमीसारखी भाजी मागून घेतली आणि मी वाढली.

पौर्णिमेला मी पांढरं लुगडं नेसून विहारात लवकर गेले. आमच्या विहारात भन्ते दर वेळी नसतात. ते नसले की शील मी सांगते आणि लोक माझ्यामागून म्हणतात. सतरंज्या घालून झाल्या तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. लाल गाडी फाटकाशी उभी राहिली. मागचं दार उघडलं आणि पुष्कळ वेळ कोणी बाहेर आलंच नाही.

आधी काठी आली. मग एक पाय आला, तो खालच्या सिमेंटच्या गट्टूवर टेकेना, पुन्हा आत गेला. माया पुढून धावत आली. धोंडबाकाकांनी छताला धरलं, डोकं आपटलं, टोपी खाली पडली. पायरीवरची माणसं पाहत उभी होती. मी गेले. मी एका बाजूने धरलं, मायाने दुसऱ्या. माया माझ्याकडे पाहत नव्हती. गहू भरलेलं पोतं अरुंद दारातून ओढावं तसं आम्ही त्या माणसाला बाहेर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर घाम आला होता आणि ते हसत होते.

"बाई, काय सांगू," ते धापा टाकत म्हणाले. "तुमाले या गाडीत काही त्रास नाही झाला अन् मले पाहा. गाडीचं काही नाही. माहीच कंबर गेली. डॉक्टर बरोबर झाली म्हणते, पण नाही झाली ते. आता समजलं मले."

"काका, तुमची कंबर चांगली आहे." मी टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. "गाडीच तशी आहे. मी तसं म्हटलंच नव्हतं. ते मी दुसऱ्या गाडीत बसून बोलली होती. ते इकडचं तिकडं जोडलं."

मी मायाकडे पाहिलं नाही. काकांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि माझ्या हातावर थोपटलं.

"असू द्या, बाई. मले वाईट वाटू नये म्हणून बोलून राहिल्या तुमी. मी का तुमाले आज ओळखतो? मायानं व्हिडिओ दाखवला ना मले, दहादा पाहिला. तुमच्या तोंडून ऐकलं." मग आवाज खाली करून म्हणाले, "पण माह्यासाठी शील नका मोडू."

आत सगळे बसले होते. काकांना खुर्ची दिली. मेणबत्त्या लागल्या, अगरबत्त्या लागल्या. मी हात जोडून सुरू केलं. पहिलं शील सांगितलं, लोकांनी म्हटलं. दुसरं सांगितलं. तिसरं.

मग मला पुढे जाता येईना. चौथ्याचा 'मुसावादा' एवढा पहिला शब्द, रोज पहाटे तोंडातून आपोआप निघतो तो. ओठ उघडले, पण आवाज आला नाही. सगळे हात जोडून माझ्यामागून म्हणायला थांबले होते. कोणी खोकलं. माया दाराशी बसली होती, तिने प्रथमच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीकडे.

खुर्चीवरून धोंडबाकाकांचा आवाज आला. त्यांना वाटलं असावं, बाई विसरली. फाटक्या, मोठ्या आवाजात त्यांनी चौथं शील सांगितलं, एकही अक्षर न चुकता. साऱ्या विहाराने त्यांच्यामागून म्हटलं.

मी म्हटलं नाही.