वरच्या खोलीचं पाणी

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली, थंडी ओसरायला लागली, तरी नीलम्माच्या भाडेकरूंच्या भिंतीची ओल काही हटेना. पावसाळ्यात आली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण सोलापुरात जानेवारीत भिंत पाझरते म्हणजे काय!

"काकू, एकदा आत येऊन बघा तरी," ज्ञानदा दारात उभी राहून म्हणाली. ती शाळेत शिक्षिका, नवरा हृषीकेश होटगीला रेल्वेत. सात वर्षांच्या लेकीला, उर्वीला घेऊन दोघं तीन वर्षं नीलम्माच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होती.

"बघायचं काय त्यात, बाई? दिवसभर दारं-खिडक्या लावून जाताय. ओले कपडे आतच वाळत टाकताय. ऊन न्हाय, वारं न्हाय, मग भिंत ओली ऱ्हाईल न्हाय तर काय?"

"कपडे मी अंगणातच टाकते. आणि खिडकी दोन महिने उघडी आहे, पोर थंडीनं कुडकुडते. ओल वरनं येतीय, काकू. छताच्या कोपऱ्यातनं. वरची खोली एकदा उघडून बघितली तर…"

"वर कुणी ऱ्हात न्हाय," नीलम्मानं तोडून टाकलं. "तितं पाणी कुटनं येईल?"

ज्ञानदा जायला वळली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, उर्वीचा खोकला जायचा तर जागा बदला. महिनाअखेर आम्ही दुसरीकडं बघतो."

दुपारी नीलम्मा अंगणात आली तर दोरीवर एक गोधडी टाकलेली. ज्ञानदाच्या आईनं वारण्याआधी शिवलेली, शेवटची. जुन्या इरकली लुगड्यांचे तुकडे जोडून केलेली. कपाट ओल्या भिंतीला टेकलेलं होतं, त्यातल्या खालच्या कप्प्यात ती ठेवलेली. आता तिच्यावर काळे ठिपकेच ठिपके उठले होते. नीलम्मानं हात लावला नाही. तशीच आत गेली.

वरची खोली प्रभुलिंगची होती. आठ वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून आयर्लंडला नोकरीला गेलेला तिचा एकुलता एक मुलगा. तिकडंच लग्न झालं, पोरगा झाला, तो आता चार वर्षांचा. नीलम्मानं नातू पाहिला तो फोनमध्येच. तिचे यजमान चन्नप्पा वारले तेव्हा प्रभुलिंग एकटाच आला, नऊ दिवस त्या खोलीत झोपला आणि गेला. त्यानंतर खोलीला कुलूप होतं, पण नीलम्माच्या लेखी ती रिकामी नव्हती. पोरगं अचानक आलं तर? नळाला पाणी चार दिवसाआड येतं, आणि त्याला आल्या आल्या आंघोळ लागते. म्हणून पाणी आलं की ती मोटर लावायची आणि वरच्या न्हाणीतलं पिंप भरायला खालूनच व्हॉल्व्ह पाव तास उघडायची. गुडघे गेले तसा जिना सुटला, दीड वर्ष ती वर चढली नव्हती. व्हॉल्व्ह मात्र एकदाही चुकला नाही.

रविवारी प्रभुलिंगचा फोन आला. तिनं भाडेकरूंचं गाऱ्हाणं सांगितलं. तो हसला.

"अव्वा, आमच्या घरमालकाचं आणि तुझं लई जमलं असतं."

"का रे?"

"आमच्याही भिंतीला काळी बुरशी आलीय. त्याला म्हटलं, छप्पर बघ. तर म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात स्वयंपाक फार करता. महिना झाला, अजून बघायला आला न्हाय."

मागून लहान मुलाच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. लांबलचक, कोरडी.

"कोण खोकतंय? बाळ?"

"व्हय. रात्री झोपत न्हाय." मग त्यानं विचारलं, "तू वर जाऊन बघितलंस का, अव्वा?"

"ठेवते आता," नीलम्मा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं देवघरातली किल्ली काढली. जिना एकेका पायरीवर बसत बसत चढली. कुलूप गंजलेलं, चार वेळा किल्ली फिरवावी लागली. आत पलंग, टेबल, दारामागं टांगलेला त्याचा चौकटीचा शर्ट, सगळं होतं तिथंच. न्हाणीचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यावरच थबकली. पिंप काठोकाठ भरलेलं. फुटक्या खिडकीतनं कबुतरांनी आणलेल्या काड्यांनी मोरीचं तोंड बुजलेलं. फरशीवर घोटाभर हिरवं पाणी. भरलेल्या पिंपात ती दीड वर्ष पाणी ओतत होती, आणि मोरी बुजल्यापासून ते सगळं खाली त्या पोरीच्या उशाला उतरत होतं.

ती पलंगावर जाऊन बसली. गादीला त्याचा वास राहिला असेल असं तिला आजवर वाटायचं. आता सगळीकडं कुबट ओलीचाच वास होता.

खाली येऊन तिनं ज्ञानदाचं दार वाजवलं.

"बाई, चूक माझी हाय. पाणी वरनंच येत हुतं. मीच सोडत हुते." पिंप, व्हॉल्व्ह, बुजलेली मोरी, सगळं तिनं सांगितलं. ज्ञानदानं तिला आत घेतलं, खुर्ची दिली.

"फरशी फोडून नवी घालते, भिंत मी करून देते. भाडं तवर मागणार न्हाय," नीलम्मा म्हणाली. "पण गोधडीचं मला भरून देता यायचं न्हाय."

"नाही यायचं," ज्ञानदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. रागावली मात्र नाही.

गवंड्यानं सांगितलं, भिंत दोन महिने उघडी वाळू द्या, त्याआधी गिलावा धरणार नाही. ज्ञानदा थांबायला कबूल झाली, पण तेवढ्या दिवसांत पोरीनं झोपायचं कुठं? न्हाणीची फरशी झाली, वरची खोली दारं-खिडक्या उघडून वाळली, त्या दिवशी नीलम्मानं प्रभुलिंगला आपणहून फोन लावला.

"तुझी खोली त्यांना देते रे. तुझ्या कपड्यांचं काय करू?"

"दे कुणालातरी. पुस्तकं रद्दीत घाल."

सहा वर्षं गिळलेला प्रश्न तिनं त्या दिवशी विचारला. "तू परत येणार हायस का न्हाय?"

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "भेटायला येईन, अव्वा. बाळाला घेऊन येईन. राहायला न्हाय."

"बरं," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला.

कपडे तिनं शेजारच्या संगप्पाला दिले. चौकटीचा शर्ट तेवढा धुऊन आपल्या पेटीत ठेवला. उर्वीचं दप्तर, हृषीकेशच्या गाद्या, ज्ञानदाचं टेबल वर गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलम्मा कट्ट्यावर मेथी निवडत बसली होती. वरच्या खिडकीतनं उर्वीनं वाकून हाक मारली, "अज्जी, इथनं सिद्धेश्वराचा कळस दिसतोय! तुम्ही बघितलाय?"

त्या खिडकीतनं बऱ्याच वर्षांनी कुणी हाक मारली होती. नीलम्माला वर बघायला जरा वेळ लागला.

"बघितलाय की," ती म्हणाली. "वाकू नकोस. पडशील."