पावडरीच्या पोत्यांवर बसलेली टोळी

धम्मशीला गेल्याचं मला कारखान्यात कळलं. भट्टीजवळ मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून मेहुणी नर्मदाबाईनं गेटवर फोन केला आणि वॉचमन वर आला. "नागेशराव, खाली या, घरचा फोन हाय," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडावरूनच मी समजलो. बायको सकाळी पालमला माहेरी गेली होती. तिथंच छातीत दुखलं आणि संपली.

त्या दिवशीही कारखान्यात आम्ही तड्यांवरूनच भांडत होतो. वितळलेलं पोलाद तांब्याच्या साच्यातून सलग खाली उतरतं आणि त्याची जाड, लांबलचक लादी होते. तिला आम्ही स्लॅब म्हणतो. स्लॅबच्या पाठीवर मधोमध उभे तडे यायला लागले होते. साच्यात सारखी दाणेदार पावडर टाकावी लागते. ती वितळून पोलाद आणि तांबं यांच्यामध्ये पातळ थर धरते. थर कमीजास्त झाला की स्लॅबची कातडी एकसारखी निवत नाही, फाटते. पावडर टाकणारी टोळी माझी.

तिच्या नावानं पाणी सोडायचा जलदान विधी रविवारी पालमलाच ठरला. शनिवारी संध्याकाळी आमच्या इंजिनिअर अर्पिता मॅडमचा फोन आला.

"अशा वेळी बोलवायला लाज वाटते, नागेशराव. काही पोत्यांत पावडरीचं पीठ झालंय, ओलही आहे. काय झालं विचारलं तर टोळीत कुणी तोंड उघडत नाही. मालक उद्या सगळ्यांना काढायला निघालेत."

टोळीतली माणसं पालमकडची, धम्मशीलेच्या शब्दावरच कामाला लावलेली. पहाटे निघतो म्हणालो तशी नर्मदाबाई आडवी आली.

"दाजी, उद्या पाणी सोडायचंय अन् तुमी कारखान्यात जायलाव?"

"दुपारपर्यंत येतो. तोवर थांबा."

"तुमची बायको मेलीय का लोखंड?"

रविवारी पहाटे पहिल्या एसटीनं गेलो. साच्याच्या मजल्यावर पाण्याचा पाईप गळत होता, फरशीवर डबकं. भिंतीकडेला पावडरीची पोती. त्यांतल्या एकावर बन्सीधर चहा पीत बसलेला. मला बघून उठला, डोळे पुसले आणि शेजारचं पोतं थापटलं.

"बसा मामा. दुःखाच्या माणसानं उभं राहू न्हाई."

"कुठं बसू?"

"हितंच की. खाली सगळं पाणी हाय. आमी रोज हितंच बसायलाव. गादीवानी लागतंय."

माझं डोकंच फिरलं. "अरे, बसून बसून दाण्यांचं पीठ केलंव! बुडातून पोती पाणी प्यायलीत! अन् तेच साच्यात टाकायलाव? मॅडमला का न्हाई सांगितलंव?"

"त्या म्हणल्या, पावडर कशी टाकता. बसता कुठं, हे कुठं इचारलं?"

"बन्स्या, बायको मेलीय माझी!"

"म्हणून तर बसा म्हणलो, मामा."

मॅडम मागं उभ्या होत्या, त्यांनी कपाळ धरलं. कोरडी पोती आणवली. स्लॅब चांगली निघाली तर मालकांना अडवते, म्हणाल्या. पण ओतकाम संपेपर्यंत मी साच्यापाशी पाहिजे. पोलाद एकदा उतरायला लागलं की मध्येच सोडून जाता येत नाही. वरून गरम स्लॅबवर तडा दिसतही नाही. ती जराशी निवल्यावर गॅसनं वरची पापडी जाळून बघावं लागतं. पापडी जाळून बघितली तेव्हा दुपार टळली होती. तडा नव्हता. टोळी राहिली. बन्सीधर पाया पडायला आला, मी त्याला हाकलून दिलं.

पालमला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मांडववाला बांबू काढत होता. विधी करणारे बौद्धाचार्य दुसऱ्या गावी गेले होते, पाहुणे जेवून एसटीला लागले होते. नर्मदाबाईनं तोंड फिरवलं.

संघप्रिया, माझी लेक, दारात उभी होती. "सगळे म्हणायले, उरकून घ्या. मी उरकू दिलं न्हाई, बाबा. आता पुढच्या रविवारी म्हणतेत."

तेवढ्यात फोन वाजला. कारखान्यातून होता, पुढच्या रविवारी मोठं ओतकाम आहे, सुट्टी मिळणार नाही. मी फोन ठेवला.

धम्मशीलेचा जलदान विधी अजून व्हायचा आहे.