तिसरी चादर

रायपूर स्टेशनातून बाहेर पडताच मी नाक मुरडलं. तशी मला सवयच आहे. कुठलंही नवं गाव मला आधी सोलापूरपेक्षा कमीच वाटतं. आम्ही तिघे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे, उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला आलो होतो. मी अनिमेष, सरांनी नेमलेला गटप्रमुख. सोबत सुशील आणि बुद्धभूषण.

ऑटोवाला काहीही विचारलं तरी "हव, हव", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणत होता. रस्त्याला ट्रक संपत नव्हते, आणि आमची खोली होती ते बीरगांव जवळ आलं तशी झाडांची पानं तपकिरी दिसायला लागली. सुशील म्हणाला, "झाडं कुणी रंगवलीत बे?" आम्ही खो खो हसलो. बुद्धभूषण हसला नाही, त्याने रुमाल नाकाला लावला होता. मी म्हटलं, "नवरीसारखं तोंड काय झाकतोस?" त्याने लगेच रुमाल खिशात घातला.

त्याला लहानपणापासून दमा आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं. गेली दोन वर्षं त्रास नव्हता, म्हणून मिलच्या फॉर्मवर त्याने 'कोणताही आजार नाही' असं लिहिलं आणि खाली गटप्रमुख म्हणून मी सही ठोकली. ट्रेनिंग हुकलं तर वर्ष जाणार होतं. त्याची आई हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, आणखी एक वर्ष तिला झेपलं नसतं. सोलापूरच्या प्लॅटफॉर्मवर ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "हवा मानवते का तेवढं बघ रे त्याला." मी छाती फुगवून म्हणालो होतो, "मी आहे ना, मावशी."

खोली वनमालाकाकूंच्या घरात होती. काकू मूळच्या यवतमाळच्या, नवरा शंकरराव रेल्वेत. खोलीला एकच खिडकी, तीही बंद ठेवायची असं त्यांनी बजावलं. बाहेर एप्रिल, आणि पंखा नुसती गरम हवा खाली ढकलत होता. सोलापुरात एप्रिल लागला की घरात कोण झोपतं? अंथरुणं सरळ गच्चीवर जातात. मी काकूंना विचारलं तेव्हा त्या शंकररावांचा डबा भरत होत्या.

"गच्चीवर नोका झोपू बरं पोट्टेहो. अथी कोनीच नाई झोपत."

कारण त्यांनी सांगितलं नाही, घाईत होत्या. मला मात्र ते लागलं. भाडं पूर्ण घ्यायचं आणि गच्ची द्यायची नाही! अंधार पडताच मी तिन्ही गाद्या बाहेरच्या जिन्याने वर नेल्या.

"काकू नको म्हणाल्या ना," बुद्धभूषण म्हणाला.

"तू ये नाहीतर खाली उकडून मर. आणि रात्री खुसूरफुसूर करून मला उठवलंस तर बघ."

खोलीला कुलूप लावून किल्ली मी माझ्या उशीखाली ठेवली. वर छान वारा होता. पडल्या पडल्या झोप लागली.

सकाळी डोळे उघडले आणि मला माझाच हात ओळखू येईना. हात काळा, उशी काळी, गच्ची काळी. आसपासच्या कारखान्यांची काजळी रात्रभर आमच्यावर पडत होती. सुशील उठून बसला तर चादरीवर त्याच्या अंगाचा पांढरा ठसा राहिला. मी पोट धरून हसलो. मग पाण्याच्या टाकीकडून शिट्टीसारखा आवाज आला.

बुद्धभूषण टाकीला टेकून बसला होता. खांदे कानापर्यंत वर, ओठ निळसर. त्याने दोन बोटांनी दम्याचा पंप दाबल्याची खूण केली. पंप त्याच्या बॅगेत, बॅग खोलीत, आणि किल्ली माझ्या उशीखाली. मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही.

पंपाने जेमतेम आराम पडला. काकूंनी शेजाऱ्याची गाडी मागवली. दवाखान्यात मशीनची वाफ दिल्यावर त्याचे ओठ पुन्हा नीट दिसू लागले. डॉक्टरांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "इसको इस हवा में मत रखो, घर भेजो." बुद्धभूषणने माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. घरी सांगू नकोस. मीही मान डोलावली. एकदाच झालंय, खिडकी बंद ठेवू, गच्चीचं नाव काढायचं नाही, असं मी मनात जुळवत होतो. खरं सांगायचं तर मला स्वतःचीही भीती वाटत होती, त्या फॉर्मवर सही माझी होती.

त्याला खोलीत निजवून मी अंथरुणं आणायला वर गेलो. काकू झाडू घेऊन उभ्या होत्या, पण झाडत नव्हत्या.

"मले सांगाले पायजे होतं, काहून नोका झोपू थे," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुमाले दिसते तं सारं."

मग त्यांनी झाडूच्या टोकाने चादरी दाखवल्या. माझ्या चादरीवर एक पांढरा माणूस होता, सुशीलच्या चादरीवर एक. तिसरी चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी काळी होती. टाकीपाशी मात्र एक माणूस बसेल एवढीच फरशी स्वच्छ राहिली होती.

"हा पोट्टा तं निजलाच नाई," काकू म्हणाल्या. "रातभर अथीसाच बसून होता."

मी तिथेच खाली बसलो. तो बसला होता त्या जागेपासून माझी उशी चार पावलांवर होती. त्याने मला उठवलं नाही, कारण उठवू नकोस असं मीच बजावलं होतं. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

खाली आलो तेव्हा त्याचा फोन वाजत होता. बोलताना अजून धाप लागत होती, म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला आणि पुन्हा मान हलवली.

"पोहोचलात ना नीट?" मावशींनी विचारलं. मागे लाटण्याचा आवाज येत होता. "गाव कसं आहे? मानवतंय ना त्याला?"

"नाही मानवत, मावशी," मी म्हणालो. "मी त्याला घरी घेऊन येतोय. चूक माझी आहे, सरांनाही आत्ताच सांगतो."

लाटणं थांबलं. बुद्धभूषण भिंतीकडे वळला, आणि त्याच्या शर्टाच्या पाठीवर टाकीचा काळा पट्टा मला सरळ दिसत राहिला.