एकोणतिसाच्या पाढ्याची करवत

जाई दोन्ही गुडघे बदलून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला फोनवर विचारलं, दिवसभर खिडकीत बसून काय करतेस.

"तुझ्या बदामाची पानं मोजते," ती म्हणाली. "आज एकशे चौदा भरली. उद्या खालून सुरुवात करणार."

बदाम म्हणे माझा. ते रोप जाईनंच शाळेच्या आवारातून डालड्याच्या डब्यात घालून मला आणून दिलं होतं. ठाकुर्लीत तेव्हा आमची बंगली आणि समोरची तिची बिल्डिंग, मध्ये नुसती गल्ली. आम्ही दोघी एकाच शाळेत, मी गणित, ती भूगोल. सकाळी तयार झाली की ती खिडकीत लाल पंचा झटकायची. मग मी माझ्या वरच्या गॅलरीतून हात करायचे आणि खाली उतरायचे. निवृत्त झाल्यावर शाळा गेली, पंचा राहिला. आता त्याचा अर्थ एवढाच, की मी उठलेय, चहा घेतेय, तुझं काय. फोनवर गुडघ्यापासून सुरुवात होते. पंच्याला गुडघे नसतात.

दरवर्षी सीताराम नावाचा एक माणूस येऊन फांद्या उतरवायचा. तीन वर्षांपूर्वी तो गावी गेला आणि बदाम मोकाट सुटला. बदामाच्या फांद्या मजल्यामजल्यानं पसरतात, त्यातला एक मजला बरोबर आमच्या नजरेच्या रेषेत. दुसऱ्या माणसांना बोलावलं, तर ते म्हणाले, बुंध्यापासून काढू. मला एक मजला हवा होता, बुंधा नको. जाईला अजून सहा आठवडे त्या खिडकीतच काढायचे होते आणि मला तिला पानांच्या हवाली करायचं नव्हतं. महापालिकेची छाटणीची परवानगी हातात पडली, तसं मी ह्यांना सांगितलं, चेनसॉ घ्यायला चला.

श्रीपाद म्हणजे माझे यजमान, वय ऐंशी. ते आनंदानं तयार झाले ही काळजीचीच गोष्ट होती. रिक्षा करून आम्ही ठाण्याला नौपाड्यात गेलो. हार्डवेअरचं दुकान स्वप्ना नावाची चाळिशीची बाई चालवते. तिनं विचारलं, फांदी केवढी आहे. मी म्हटलं, माझ्या दंडाएवढी. ह्यांनी लगेच विचारलं, पूर्वीच्या की आत्ताच्या. स्वप्नानं बिचारीनं कॅटलॉगमध्ये तोंड घातलं.

ह्यांना पेट्रोलवरची हवी होती, नारिंगी, मोठी. आयुष्यभर कारखान्यात काम केलेला माणूस, आवाजाशिवाय यंत्र म्हणजे त्यांना मुकं वाटतं. त्यांनी दोरी तीनदा ओढली. यंत्र खोकलं, मग हे खोकले, मग दोघं गप्प झाले.

मी म्हटलं, निवड माझ्या पद्धतीनं होईल. करवत बंद ठेवून हात पुढे ताठ धरायची आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायचा. दाहेपर्यंत हात थरथरला नाही, तर करवत आपली. पूर्वी शाळेत अंगठे धरून ओणवी उभी राहिलेली मुलं मी ह्याच पाढ्यावर सोडायचे, त्यामुळे त्याची लांबी मला पाठ आहे.

पेट्रोलवाली घेऊन मी त्रिक सत्त्याऐंशीला बसले, म्हणजे खरोखरच स्टुलावर बसले. विजेची वायरवाली सातीपर्यंत गेली, पण वायर स्वयंपाकघरातून जिना चढून आणावी लागली असती आणि त्यात हे अडकले असते. मग स्वप्नानं बॅटरीवर चालणारी आठ इंची काढली. हलकी, जेमतेम पाटा पुसायच्या वेळी उचलतो त्या वरवंट्याएवढी. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. हात जागच्या जागी. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातल्या एकानं स्वतःसाठी पाढा सुरू केला, तो चोकला अडखळला.

स्वप्नानं चष्मा, हातमोजे, शिरस्त्राण सगळं गळ्यात मारलं आणि बजावलं, "काकू, आधी खालून थोडा काप द्या, मग वरून. नाहीतर फांदी साल सोलत खाली जाईल. आणि साखळीला तेल विसरू नका."

तेल मी विसरले नाही. फक्त ते कुठलं हे विचारायला विसरले. शनिवारी सकाळी टाकीत शेंगतेल ओतलं. करवत सुरू झाली तशी भजी तळल्यासारखा वास सुटला आणि फांदीला बांधलेला दोर धरून उभे असलेले हे म्हणाले, कांद्याची आहेत का.

खोड गॅलरीच्या कठड्यापासून हातभरच लांब. मी आदल्या दिवशीच तिथं उभी राहून, डोळ्यांच्या बरोबर समोरच्या फांद्यांना लाल फीत बांधून ठेवली होती. तीन फांद्या होत्या. आधी खालून, मग वरून. प्रत्येक फांदी दोराला लटकली की हे तिला अंगणात उतरवायचे, नवरी डोलीतून उतरवावी तसे. तिसरी गेली आणि समोर आभाळाचा एक आडवा तुकडा उघडला. त्यात जाईची खिडकी. मला इतकं हसू आलं, की चष्म्यावर धुकं जमलं.

चष्मा पुसला. खिडकी रिकामी होती.

फोन लावला.

"मी खिडकीतच आहे," जाई म्हणाली. "खुर्चीत. मला फक्त तुझ्या घराची कौलं दिसतायत. मंदा, तू कुणासाठी कापलंस हे?"

तेव्हा मला कळलं. मी चाळीस वर्षांपूर्वीच्या जाईसाठी कापलं होतं, उभ्या असलेल्या. बसलेल्या जाईच्या समोर खालचा मजला होता, अख्खा, एकशे चौदा पानांसकट.

परवानगी दोन्ही मजल्यांची होती. बॅटरी संपली होती, पण तासाभरात भरली असती. हे दोर गुंडाळायलाही तयार नव्हते. मी करवत चार्जिंगला लावायला उचलली आणि तेवढ्यात समोर, खिडकीच्या चौकटीखालून, चालायच्या काठीच्या टोकावर लाल पंचा वर आला. आधी टोक, मग पंचा, मग तो डावीकडे उजवीकडे हलायला लागला.

मी करवत खाली ठेवली. फोन चालूच होता.

"खालचं मी कापणार नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी तुला दिवसातून तीनदा उभं राहायला सांगितलंय ना? मग राहा."

"शिक्षा करतेस?"

"गणिताची बाई आहे मी."

चौथ्या दिवशी पंच्याबरोबर पांढरा अंबाडा वर आला आणि लगेच गेला. आठव्या दिवशी चष्मा आला. मी इकडे कठड्याला धरून फोनवर पाढा म्हणत होते, ती दुणेलाच बसली. काल सकाळी ती पूर्ण उभी राहिली, पंचा खांद्यावर टाकून. एकोणतीस अठ्ठे, नव्वे, दाहे. दाहे झाल्यावर तिनं मला दोन्ही हातांनी ठेंगा दाखवला आणि मगच बसली.

आता तिनं फोनवर विचारलंय, तिसाचा पाढा तर सोपा असतो, मग तो का नाही.